अस्वस्थ पाय, उडालेली झोप: आधी काय करायचं, मग काय

माझी आई रात्री पोटऱ्यांना जुन्या पातळाची पट्टी करकचून बांधून झोपायची. गिरगावातल्या चाळीत खोल्या दोन, माणसं सात. पट्टीने भागलं नाही की उठायची आणि गॅलरीत येरझाऱ्या घालायची. आम्हा पोरांना वाटायचं, आईला उकडतंय. दिवसा बसल्या बसल्या तिचा पाय हलला की आजी लगेच टोकायची, ‘पाय हलवू नये, लक्ष्मी जाते घरातली.’ तिच्या दुखण्याला नाव आहे हे मला कळलं तेव्हा आई जाऊन चार वर्षं झाली होती. तोवर मी स्वतः मुलुंडच्या वन बीएचकेत रात्री दीड वाजता स्वयंपाकघराच्या गार लादीवर पाय टेकून बसू लागले होते.

नाव आहे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, थोडक्यात आरएलएस. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने सतराव्या शतकातच ते लिहून ठेवलंय. १९४५ मध्ये कार्ल एकबॉम या स्वीडिश न्यूरॉलॉजिस्टने ते नीट मांडलं. बऱ्याच घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतं.

मी डॉक्टर नाही. फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब तपासते. पण या दुखण्यात मी सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी झोपेची गोळी, मग पायांची गोळी, आणि शेवटी रक्ततपासणी. क्रम बरोबर याच्या उलटा हवा होता, म्हणून हे लिहितेय. औषधांचे जे आकडे खाली येतील ते डॉक्टरांशी बोलताना कामी यावेत म्हणून आहेत, स्वतःच्या हाताने गोळी वाढवण्यासाठी नाहीत.

हे आरएलएसच आहे ना?

पायात नेमकं काय होतं ते शब्दांत पकडणं अवघड. कुणी शिवशिव म्हणतं, कुणी वळवळ, कुणी ‘हाडाच्या आत मुंग्या’. माझ्या बाबतीत पोटरीच्या आत सोड्याची बाटली हलवून ठेवल्यासारखं वाटतं. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. या राहवत नाही म्हणण्यालाच महत्त्व आहे. डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी विचारतात: पाय हलवण्याची अनावर ओढ लागते का, बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर ती वाढते का, चाललं किंवा पाय ताणले की निदान तेवढ्यापुरतं बरं वाटतं का, आणि संध्याकाळनंतर त्रास जास्त होतो का. चारही उत्तरं ‘हो’ असली आणि दुसऱ्या कशाने ते होत नसलं, तर हेच. त्यासाठी एमआरआय लागत नाही, आणि झोपेची रात्रभराची तपासणीही सहसा लागत नाही. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर मात्र ती करून घ्यावी.

गोंधळ कशाशी होतो? पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीव जाईल असं दुखतं, ते वेगळं. मधुमेहात नसा खराब झाल्या की तळव्यांची आग दिवसाही होते आणि चालून थांबत नाही, तेही वेगळं. मात्र दोन्ही एकाच माणसात असू शकतात. माझे सुरुवातीचे सहा महिने व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांच्या, नावाखाली गेले. मे महिन्यात मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालून मी लोकलने जायचे. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एकच पाय सुजून गरम झाला आणि दुखायला लागला, पायातली ताकद गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते आरएलएस नाही.

डॉक्टरकडे जायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. त्रास किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, अंथरुणात कधी गेलात, साधारण किती झोपलात, चहा किती, आणि त्या दिवशी कुठकुठली गोळी घेतली. ही वही पुढे तीनदा उपयोगी पडते.

औषधांचा डबा रिकामा करा

सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबते. प्रत्येक मराठी घरात औषधांचा एक डबा असतो: श्रीखंडाचा किंवा बिस्किटांचा. तो टेबलावर उलटा करा आणि प्रत्येक पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव. मेंदूतल्या डोपामाइनचं (हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं) काम अडवणारी आणि ॲलर्जीवरची गुंगी आणणारी, अशा दोन्ही तऱ्हेची औषधं हे पाय भडकवतात. आणि आपल्या डब्यात नेमकी तीच भरलेली असतात.

सर्दीची गोळी: बहुतेकींत क्लोरफेनिरामिन असतं. मी दर पावसाळ्यात सर्दीसाठी रात्री एक घ्यायचे, ‘झोपही लागेल’ म्हणून. त्याच रात्री सगळ्यात वाईट जायच्या. हा संबंध मला वहीने दाखवला. ॲलर्जीसाठी काही लागतच असेल तर फेक्सोफेनाडिनसारखी मेंदूत फारशी न शिरणारी गोळी चालेल का, हे विचारा. खाजेसाठी देतात ती हायड्रॉक्सिझिन आणि चिठ्ठीशिवाय ‘साधी झोपेची’ म्हणून मिळणारी डायफेनहायड्रामिन याच वर्गातली.

ॲसिडिटीची कॅप्सूल: आपल्याकडे रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड घातलेल्या कॅप्सूल सर्रास लिहून देतात. हे लेव्होसल्पिराइड डोपामाइन अडवतं. शिवाय ॲसिड कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अन्नातलं लोह शोषलं जाणंही घटतं, म्हणजे दोन्हीकडून मार. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येते म्हणून वर्षभर चालू ठेवलेलं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन हीही त्याच यादीत. उलटीसाठी बहुधा ऑन्डान्सेट्रॉनवर भागतं.

आणि मानसिक औषधं. ॲमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, एस्सिटालोप्रामसारखी नैराश्यावरची बरीच औषधं काहींच्या पायांचा त्रास वाढवतात. झोप येत नाही म्हणून ॲमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन सुरू होतं, पाय वाढतात, झोप आणखी जाते, डोस आणखी वाढतो. या गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. अचानक सोडल्या तर मूळ आजार उलटतो. ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच सांगायचं, ‘गोळी सुरू झाल्यापासून पायांचं असं होतंय, दुसरा पर्याय आहे का?’ ब्युप्रोपिऑन सहसा पाय वाढवत नाही, एवढं नाव लक्षात असू द्या.

एक खास आपल्याकडची गंमत. पायांसाठी पुढे जी गोळी येणार आहे, प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन, ती आपल्या बाजारात अनेकदा जोडगोळी म्हणून येते: कधी मिथाइलकोबालामिनबरोबर, कधी नॉरट्रिप्टिलिनबरोबर. पहिली जोडी निरुपद्रवी. दुसरीत मात्र एक घटक पाय शांत करणारा आणि दुसरा पाय भडकवू शकणारा. आमच्या केमिस्टकडचा पोरगा म्हणाला, ‘काकू, सेमच आहे, फक्त पुढे एनटी लिहिलंय.’ त्या ‘एनटी’ने माझे तीन आठवडे खाल्ले. चिठ्ठीवर जे आहे तेच घ्या, आणि दुकानातून निघायच्या आधी पट्टी उलटी करून वाचा.

लोह: हिमोग्लोबिन नव्हे, फेरिटिन

मेंदूत डोपामाइन तयार व्हायला लोह लागतं. आरएलएसमध्ये मेंदूतला लोहाचा साठा कमी पडलेला असतो, रक्तातलं हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. म्हणून सीबीसीवर समाधान मानू नका. सांगून तीन गोष्टी करून घ्या: सीरम फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्त किती लोह वाहू शकतं ते). या शेवटच्या दोन्हींवरून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची टक्केवारी निघते. रक्त सकाळी उपाशीपोटी द्या आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका.

माझं हिमोग्लोबिन १२.४ होतं. ‘तुम्हाला ॲनिमिया नाही’ असं तीन जणांनी तीन वर्षांत सांगितलं. चौथ्या ठिकाणी फेरिटिन केलं, ते आलं १९. लॅबच्या कागदावर त्यापुढे चांदणीसुद्धा नव्हती, कारण लॅबच्या हिशेबात १९ नॉर्मलमध्ये बसतं. आरएलएसचा हिशेब निराळा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मोठ्या माणसांचं फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, अथवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह द्यावं असं म्हटलंय. ७५ ते १०० च्या मध्ये असेल तर सलाइनमधून द्यायचा विचार करावा, कारण त्या पातळीवर पोटातून लोह फारसं चढत नाही.

अंगात ताप किंवा सूज असली की फेरिटिन खोटं वर जातं. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूतून उठल्या उठल्या केलेली तपासणी धरू नका. महिनाभर जाऊ द्या.

गोळीने लोह घ्यायचं ठरलं तर काही गोष्टी पाळायला लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत १०० मिलिग्रॅम मूळ लोह असतं. रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आधी तासभर नाही आणि नंतर दोन तास नाही. सकाळी उठल्यावर चहा हाच ज्यांचा देव, त्यांना हे जड जातं. मी शेवटी गोळी दुपारी चारला, जेवणापासून लांब बसवली. कॅल्शियमची गोळी दोन तास लांब, थायरॉइडची चार तास लांब. शौच काळी होते, बद्धकोष्ठ होतो. सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरतो. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा. अळीव, पालेभाज्या, खाणाऱ्यांनी तिसऱ्या (शिंपल्या) आणि कलेजी जरूर खावी, पण नुसत्या खाण्यावर १९ चे ७५ व्हायची वाट बघू नये.

माझं गोळीने तीन महिन्यांत १९ वरून ३१ झालं. मग फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचं सलाइन घेतलं, एकूण १००० मिलिग्रॅम. सकाळी डे-केअरला गेले, दुपारी घरी. ॲलर्जी येते का हे पाहायला नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. फरक दुसऱ्या दिवशी पडत नाही. मला सहाव्या आठवड्यात जाणवला. कुणाला बारा आठवडेही लागतात. एका सलाइनने पायांचा त्रास निम्म्यावर आला, आणि ही तपासणी मला चार वर्षं कुणी सांगितली नव्हती.

दोन इशारे. घरात थॅलेसेमिया असेल तर हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह भरपूर असू शकतं. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह घ्यायचंच नाही. आणि पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर ते कुठून गळतंय हे शोधायला हवं: मूळव्याध, अल्सर, आतड्यातलं काही. नुसती भर घालून चालत नाही.

कुणाला दाखवायचं

न्यूरॉलॉजिस्टला, किंवा झोपेच्या आजारांचं काम करणाऱ्या डॉक्टरला. खाजगीत परवडत नसेल तर परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे. जे. ही मोठी सरकारी-महापालिकेची रुग्णालयं आहेत. न्यूरॉलॉजीची ओपीडी रोज नसते, वार आधी विचारून जा. केसपेपरच्या रांगेला लवकर लागा. आत दोन-तीन मिनिटंच मिळतात, तिथे वही आणि औषधांच्या पट्ट्या ठेवलेली पिशवी बोलते. मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यावर सगळी औषधं बदलतात. गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आरएलएस बऱ्याच जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. तिथे लोह आधी, गोळ्या नंतर आणि जपून.

पायांची गोळी

लोह भरूनही आठवड्यातल्या बऱ्याच रात्री खराब जात असतील तर रोजची गोळी लागते. आज पहिली पसंती गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिनला आहे, आणि झोप उडालेल्यांना त्यांचा आणखी एक फायदा: गाढ झोप थोडी वाढते. प्रीगाबालिन साधारण ५० ते ७५ मिलिग्रॅमवर सुरू करतात आणि बहुतेकांचं १५० ते ३०० मध्ये भागतं. गाबापेंटिन ३०० वर, वृद्धांत १०० वर सुरू होतं. एका वेळी ६०० च्या वर गेलं की शरीर ते पुरतं शोषत नाही, म्हणून मोठा डोस विभागून देतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं गुलाबी ॲन्टासिड पीत असाल तर गाबापेंटिन त्यानंतर दोन तासांनी.

गोळीची वेळ हा डोसाइतकाच महत्त्वाचा मुद्दा. झोपायच्या वेळी नाही. त्रास सुरू होण्याआधी एक-दोन तास. भरल्या पोटी प्रीगाबालिन उशिरा चढते. माझे पाय साडेनऊला, मालिका लागते तेव्हा, सुरू व्हायचे. म्हणून मी साडेसातला, घरी पोचून चप्पल काढल्यावर गोळी घेते. लोकलमध्ये कधीच नाही. पहिल्या पंधरवड्यात घेरी येते, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या डब्यात दारापाशी उभं राहून घेरी येणं म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको.

त्रास काय होतात? गुंगी, चक्कर, वजन वाढणं, पावलांवर सूज, काहींना उदासी. माझं वजन आठ महिन्यांत पाच किलोंनी वाढलं. नुसतं ‘डाएट करा’ म्हणून ते जात नाही, डोस खाली आणता येतो का हे विचारावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस बराच कमी लागतो, कारण ही औषधं लघवीवाटेच बाहेर जातात. दारू, अफूजन्य वेदनाशामक किंवा झोपेची गोळी यांच्याबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो. दमेकरी आणि घोरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर डॉक्टरला त्याच दिवशी सांगा; टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे. आणि गोळी एका दिवसात बंद करू नका, उतरवायची असते.

डोपामाइनवाल्या गोळ्यांचा सापळा

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल. वर्षानुवर्षं या पहिल्या पसंतीच्या होत्या, अजूनही खूप लिहिल्या जातात, आणि पहिले काही महिने जादू वाटते. मला पहिल्या रात्रीच फरक पडला. मी देवाला पेढे ठेवले.

दीड वर्षाने पाय रात्री नऊऐवजी संध्याकाळी सहाला सुरू झाले. मग दुपारी तीनला, टेबलाखाली. मग हातही शिवशिवायला लागले. साहजिकच डोस वाढवला. महिनाभर बरं, पुन्हा तेच, आणखी लवकर. याला ऑगमेंटेशन म्हणतात: ज्या औषधाने आजार दबतो तेच त्याला हळूहळू वाढवतं. ओळखायच्या खुणा या: त्रास आधीपेक्षा दोन-चार तास अलीकडे आला, बसल्यावर लवकर सुरू होतो, हातांत किंवा धडात पसरला, गोळीचा असर कमी वेळ टिकतो. अशा वेळी डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल. दरवर्षी शंभरातल्या सात-आठ जणांना हे होतं, म्हणजे दहा वर्षं गोळी चालू ठेवणाऱ्यांना केवढं, तो हिशेब तुम्हीच करा. म्हणूनच २०२५ च्या त्या सूचनांत या गोळ्या सरसकट वापरू नयेत असं म्हटलंय. लेव्होडोपाचंही तेच, किंबहुना त्याने ऑगमेंटेशन आणखी लवकर येतं.

दुसरा धोका घरच्यांनी माहीत करून घ्यावा. या गोळ्यांनी काही माणसांना खरेदीची, ऑनलाइन जुगाराची, खाण्याची किंवा कामवासनेची अनावर खोड लागते. माणसाला स्वतःला ते वेगळं वाटत नाही. आमचे हे एकदा म्हणाले, ‘अगं, या महिन्यात नऊ साड्या आल्यात.’ मी मोजल्याच नव्हत्या.

तुम्ही यांतली गोळी घेत असाल आणि कमी डोसात ठीक चाललं असेल, तर घाबरून आज फेकू नका. अचानक थांबवलं की अनेक रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. उतरवायची असेल तर आधी लोह पाहतात, मग प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन सुरू करून तिला असर येऊ देतात, आणि त्यानंतर जुनी गोळी थोडी थोडी कमी करतात. शेवटची पाव गोळी सोडतानाचे चार-सहा दिवस सगळ्यात कठीण. मी त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा रजा टाकली. घरी आधीच सांगून ठेवलं की रात्री दिवा लागेल, फरशीवर चालण्याचा आवाज येईल, कुणी ‘झोप ना आता’ म्हणायचं नाही. याहूनही हट्टी आजारात तज्ज्ञ मंडळी कमी डोसातल्या अफूजन्य गोळ्या वापरतात, पण ते पूर्णपणे त्यांच्या देखरेखीतलं काम.

आता क्लोनाझेपाम. मुंबईत झोपेची तक्रार सांगा आणि ही पट्टी मिळाली नाही असं क्वचित होतं. पायांवर तिचा उपयोग पक्का सिद्ध झालेला नाही. तिचा असर दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळतो. माझी ही पहिली गोळी होती. पाय हलतच होते, फक्त मला त्याचं काही वाटेनासं झालं. एकदा डोळा लागून मुलुंडऐवजी ठाण्याला उतरले, एकदा न्हाणीघरात घसरले, तेव्हा थांबले. पण तीही हळूहळूच, डॉक्टरच्या तक्त्याप्रमाणे. घोरणाऱ्यांनी आणि सत्तरीतल्यांनी तर तिच्यापासून दोन हात दूर राहावं.

पाय शांत झाले. झोप?

नाही आली. मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. लोह भरलं, प्रीगाबालिन लागू पडली, पाय गप्प, आणि मी साडेनऊपासून अंथरुणात पंख्याकडे बघत पडलेली. पाच-सहा वर्षांत माझ्या डोक्याने धडा गिरवला होता: गादी म्हणजे छळाची जागा. गादीवर पाठ टेकली की अंग सावध व्हायचं. हा निद्रानाश आता पायांचा राहिला नव्हता, स्वतंत्र दुखणं झाला होता. पायांचा डोस वाढवून तो जात नाही. ती चूकही मी केली.

त्याच्यावरचा इलाज सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाश घालवायची पद्धत. नाव मोठं, पण त्यातला मुख्य भाग साधं अंकगणित आहे. वहीतून काढा: अंथरुणात किती तास, त्यात झोप किती. माझे साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात आणि झोप सव्वापाच. म्हणजे ६२ टक्के. आता अंथरुणातला वेळच कापायचा: झोपेचे तास अधिक अर्धा तास, पण साडेपाच तासांपेक्षा कमी कधीच नाही. माझं झालं रात्री बारा ते पावणेसहा. उठायची वेळ पक्की, रविवारीसुद्धा. आमच्याकडे पावणेसहाला पाणी येतं, त्यामुळे हा नियम मला महापालिकेने आयताच पाळायला लावला. हे प्रमाण आठवडाभर ८५ टक्क्यांवर टिकलं की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. टिकलं नाही तर तिथेच थांबायचं.

आरएलएसवाल्यांना यात एक छुपा फायदा आहे. हा आजार संध्याकाळ ते मध्यरात्र जोरात असतो आणि पहाटेकडे ओसरतो. उशिरा झोपायला गेलं की त्रासाचा भर तुम्ही उभ्याने, काहीतरी करत काढता. साडेनऊला ‘लवकर पडलं तर थोडी तरी झोप मिळेल’ म्हणून आडवं होणं म्हणजे पायांच्या तोंडी स्वतःहून जाणं.

दुसरा नियम: वीसेक मिनिटांत झोप नाही आली, किंवा पाय सुरू झाले, तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने. छोट्या घरात उठून जायचं कुठे, हा खरा प्रश्न. आमच्या हॉलमध्ये मुलगा झोपतो. मी स्वयंपाकघरात एक पाट आणि मंद दिवा ठेवलाय. तिथे बसून लसूण सोलते, किंवा क्रोशा विणते. डोकं गुंतलं की पायांची ओढ खरोखर कमी होते, टीव्हीपुढे नुसतं बसल्याने होत नाही. पेंग आली की परत गादीवर. पहिल्या रात्री सहादा उठले, तिसऱ्या आठवड्यात एकदा.

पहिले दहा दिवस दिवसा प्रचंड झोप येते, आणि जागरणाने पायही थोडे वाढतात. गाडी चालवणाऱ्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी, आणि ज्यांना बायपोलर आजार आहे त्यांनी हा वेळ कापण्याचा भाग डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. दुपारची डुलकी बंद. लोकलमधली चौथ्या सीटवरचीसुद्धा. मला ती सोडणं गोळी सोडण्यापेक्षा जड गेलं.

बाकीचं थोडक्यात. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. दारूने झोप येते असं वाटतं, पण पाय आणि झोप दोन्ही उत्तररात्री बिघडतात. तंबाखूही नको. संध्याकाळी पाऊण तास चालणं चांगलं, पण रात्री दहाला जिममध्ये घाम गाळणं नाही. झोपायच्या आधी गरम पाण्याची बादली, पोटऱ्या ताणणं, तेल लावून चोळणं: तेवढ्यापुरता आराम मिळतो आणि तोही आरामच. मॅग्नेशियमच्या गोळ्यांबद्दल सगळेच विचारतात. पुरावा कच्चा आहे, मूत्रपिंड कमजोर असेल तर घेऊ नका.

प्रवास आणि ऑपरेशन

गणपतीला कोकणात जायचं तर रात्रीची बस टाळा. सकाळची गाडी घ्या, सकाळी पाय झोपलेले असतात. रात्रीचीच असेल तर आगगाडी, कारण पॅसेजमध्ये चालता येतं. बर्थ खालचा आणि कडेचा. नाटकाला शिवाजी मंदिरला मी रांगेतली शेवटची खुर्ची मागून घेते आणि दुपारचा प्रयोग बघते.

मागच्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनला दाखल झाले होते. भूल उतरताना उलट्या झाल्या, नर्सने नेहमीचं इंजेक्शन दिलं, आणि हाताला सलाइन, पोटाला टाके, अशा अवस्थेत पाय असे सुटले की मुलाने रात्रभर ते धरून ठेवले. चूक कुणाची नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पर्समध्ये, रेल्वेच्या पासामागे, एक कार्ड असतं. मजकूर हवा तर उतरवून घ्या:

‘मला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आहे. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, हॅलोपेरिडॉल आणि गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं शक्यतो टाळा. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन चालतं. माझी रोजची गोळी: प्रीगाबालिन १५० मिलिग्रॅम, संध्याकाळी साडेसात. ती चुकवू नका. शक्य होताच मला उठून चालू द्या.’